मातीला

बुटाची माती काठीने खरवडायची,
चार पावलं टाकायची, पुन्हा खरवडायची.
अशी पोचलो ओझेला हॅचर यांच्या उतारावर.
अलाबामा, मार्च, टॉम्बिगबी नदी खाली कुठेतरी गढूळ.
माझ्याकडे पन्नास मीटरचा टेप,
चार लोखंडी खुंट्या, एक छापील तक्ता
आणि खिशात पातळ आम्लाची बाटली.

ढेकळावर एक थेंब टाकला.
माती फसफसली,
नुकत्या उघडलेल्या सोड्यासारखी.
चुना, मी लिहिलं. भरपूर.

"असणारच," काठी टेकत ओझेला म्हणाल्या.
"माझ्या पणजोबांच्या बापाचा जो मालक होता ना,
त्याला याच मातीने चुना लावला.
सपाटीवर कापूस मावत नव्हता,
आणि इथे हातभर रोप, तेही पिवळं.
उन्हाळ्यात भेगा अशा की कोंबडी हरवायची.
तीन नांगर मोडले, मग नाद सोडला त्याने."

म्हणून हे रान राहिलं.
चिंकापिन ओक, गेल्या वर्षीची पानं पायाशी,
कडेला करवतीचे दाते.
शॅगबार्क हिकरी, सालीच्या पट्ट्या लोंबत्या,
जुन्या घराचा रंग सुटावा तशा.
अ‍ॅश. साखरी मेपल, एकच, वाट चुकल्यासारखा.
रेडबडला तर दम नाहीच,
पान यायच्या आधी
थेट खोडातून गुलाबी फुटलेला.
खाली तीन-तीन चितकबरी पानांचं ट्रिलियम,
ज्याला आंबट माती चालत नाही.
कोण कुणाच्या सावलीत, कोण किती टक्के,
मी गुडघ्यावर बसून मोजत गेलो.
सगळे एकमेकांना धरून होते
आणि सगळ्यांनी मिळून चुन्याला.

चौथी खुंटी सीडारखाली पडत होती.
तिथे उतार थोडा थांबतो.
जमिनीवर गर्द हिरवं जाळं, त्यात निळी फुलं,
पाच पाकळ्यांची,
सदाफुलीची कुणी थंडीतली चुलत बहीण.
पेरिविंकल, मी लिहिलं.
तक्त्यात पुढे दोनच रकाने:
इथली. आणलेली.
मी दुसऱ्यात खूण केली.

"कुणी आणली, याला जागा आहे का तुझ्या कागदात?"
नव्हती.

मग दिसले शिंपले.
मी उत्साहाने सांगू लागलो,
इथे समुद्र होता, सात-आठ कोटी वर्षांपूर्वी,
हा सगळा खडूच मुळी त्याच्या तळाचा...
त्यांनी मला बोलू दिलं. पूर्ण.
मग काठीने एक करडा, वळलेला, दगड झालेला दाखवला:
"हा तुझ्या समुद्राचा."
आणि मग पांढरे, रांगेत ठेवलेले:
"हे मोबील खाडीचे. बैलगाडीतून आणलेले.
दगडाला पैसे कुठे होते?
हा खळगा सायरस. हा त्याची बायको टेम्पी.
तो लहान, त्याला नाव ठेवायला वेळच मिळाला नाही."

खळगे पूर्व-पश्चिम.
मी उभा होतो तो नववा.

थेंब टाकला असता
तर दोन्ही शिंपले सारखेच फसफसले असते.
बाटलीचं झाकण मी घट्ट केलं.

नियम असा की चौकोन हलवायचा नाही.
नकाशावर आंधळेपणाने जिथे पडला, तिथेच.
मी खुंट्या उपटल्या.
सकाळी काढलेला मातीचा नमुना,
बोटभर जाड, ओला, अजून नळीतच,
भोकात परत बसवला, अंगठ्याने दाबला.
ओझेला बघत होत्या, बोलल्या नाहीत.
मातीसाठी आलो होतो सकाळी.
मातीला आलो होतो, हे दुपारी कळलं,
शे-दीडशे वर्षं उशिरा, हातात फुलं नाहीत,
आणि होती ती निळी
आधीच कुणीतरी लावलेली.

टोपी काढली. मग वाटेत
बुटाची माती खरवडायला काठी उचलली
आणि तशीच हातात धरून
गाडीपर्यंत जड पायांनी गेलो.